ओमेरचं शेवटचं विरजण

तळघराच्या फळीवर बरणीच नव्हती. गोडेलीव्हने खालची फळीही चाचपून पाहिली.

काल सकाळी पाहिलं तेव्हा, तिसऱ्या दिवशीही, बरणीत एक बुडबुडा आला नव्हता. ते एक वेळ चाललं असतं. पण बरणीच गायब?

ओमेर फेब्रुवारीत गेला. त्याच्या हातच्या बिअरची एकच बाटली मागे उरली होती. तिच्या तळाशी बसलेला यीस्टचा साका गोडेलीव्हने माल्टच्या गोड पाण्यात कालवून ठेवला होता. हे विरजण जागं झालं, तरच जत्रेला घरची बिअर होणार. नाही तर नवऱ्यामागोमाग त्याची चवही गेली. "दुकानात यीस्टची पाकिटं मिळतात," सून वेर्ले म्हणाली, तेव्हा गोडेलीव्हने तिला जागीच गप्प केलं होतं. "पाकिटं तुमच्या अँटवर्प शहरात. इथे बरणीला हात लावशील तर याद राख."

आणि ही महाराणी कालपासून माळ्यावर पडून! म्हणे अंगात कसकस आहे.

जिना चढताना गोडेलीव्हला जुनं सगळं आठवलं. ओमेरही बिअर करायच्या आधी दोन दिवस असाच माळ्यावरच्या खाटेवर जाऊन झोपायचा. "सर्दी झालीय, तुला लागेल," म्हणायचा. चाळीस वर्षं एकच सबब. "वर कुणाला लपवलंय कोण जाणे!" असं ती चारचौघांत म्हणायची. लोक हसायचे, तोही हसायचा. तिला मात्र हसू यायचं नाही.

तिने दार लोटलं. "ऊठ! कुठे ओतलीस बरणी?"

"आई, हळू. धक्का लागेल."

गोडेलीव्हने पांघरूण खसकन ओढलं.

वेर्ले भिंतीला टेकून बसली होती. ओमेरच्या लोकरी स्वेटरात गुंडाळलेली बरणी तिने पोटाशी धरली होती. फेस गळ्यापर्यंत चढून वरचं फडकं उचलू लागला होता.

"तळघरात गारठलं होतं हो ते. पपा दोन दिवस असं अंगाच्या उबेत ठेवायचे. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

"का?"

"तुम्ही म्हणाल, ही घाण माझ्या बिछान्यात नको."

म्हटलंच असतं तिने. गोडेलीव्ह खाटेच्या कडेला बसली. मग तिने वाकून पायातले बूट काढले.

"सरक तिकडे," ती म्हणाली. "दे त्याला माझ्याकडे."