शेंदराची राख

नौदलातल्या वीरधवलनं हवाई बेटावरनं एक काळा दगड आणला. त्याच्या आईनं, मनुबाईनं, तो शेंदूर फासून देव्हाऱ्यात बसवला, घरातल्या गेलेल्या माणसांचे चेहरे उठवलेल्या चांदीच्या टाकांशेजारी.

"आगं आई, पेलेचा हाय त्यो! तिथली ज्वालामुखीची देवी. दगड नेणाऱ्याला ती सोडत न्हाई म्हणत्यात."

"देवी हाय न्हवं? मग पुजायची. भ्यायचं कशाला?"

पण रोज सकाळी शेंदराची राख झालेली असायची, आणि टाक हाताला चटके द्यायचे.

आज दगडच जाग्यावर नव्हता. राखेत एक नवा टाक पडला होता. मनुबाईनं तो पदरानं पुसला. तीच मिशी, कपाळावरची तीच खोक. वीरधवल.

तेवढ्यात बाहेरच्या सोप्यातनं त्याची हाक आली, "आई, पाणी दे गं. आतनं लय जळतंय."