ओळखीची खूण

"काय हरवलं?" दिशाने विचारलं.

"पोहे," मुलगा म्हणाला.

"जाडे की पातळ?"

"जाडे."

दिशाने कपाटातून पुडी काढून दिली. आपलीच आहे ना, हे तपासावं तशी त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि बॅगेत टाकली.

मुलुंडच्या या कॉलेजात जिन्याखालच्या कपाटावर आधी 'गरजू विद्यार्थ्यांसाठी मोफत धान्य' अशी पाटी होती. तेव्हा लाभ फक्त मुंग्यांनी घेतला. मग कपाट सांभाळणाऱ्या दिशाने पाटी बदलून 'हरवले-सापडले' केली, आणि मुलांचं भलतंच काय काय हरवायला लागलं. तूरडाळ, रवा, गोडेतेल. एकदा एक जण खरोखरच छत्री शोधत आला. त्याला नाइलाजाने साखर देऊन पाठवावं लागलं. नियम एकच होता: ओळखीची खूण विचारायची, बाकी काही नाही.

पोहेवाला गेला आणि समोर विद्याधर सर उभे राहिले. अर्थशास्त्र शिकवायचे, तासाला अमुक इतके पैसे या बोलीवर. कालपर्यंत महिनाभर परीक्षा होत्या. म्हणजे तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत.

दिशाला वाटलं, तक्रार गेली वर, लागली वाट. पण सरांनी कपाटाचं कौतुक केलं. धान्य कोण देतं, कीड लागू नये म्हणून काय करता, सगळं विचारलं. वाटपाच्या अडचणींवर बराच वेळ बोलले. मग विषय संपला आणि सर तिथेच उभे राहिले.

दिशाने कपाटाचं दार पुन्हा उघडलं.

"काय हरवलं, सर?"

शेवटच्या बाकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज दोघांच्या मधल्या टेबलापर्यंतही नीट पोचला नाही.

"तांदूळ."

"कुठला?"

"कोलम असावा. आई आलीय गावाहून, त्यामुळे आम्ही आता तिघं..."

"तेवढं नाही विचारत आम्ही, सर."

तिने पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. "हाच का?"

"हाच," सर म्हणाले.

तेवढ्यात तास सुटल्याची घंटा झाली आणि सरांच्या मागे रांग लागली. त्यांच्याच वर्गाची. सरांनी पिशवी छातीशी धरली आणि कपाटाकडे बघत राहिले. उद्या याच पोरांसमोर खडू घेऊन उभं राहायचं होतं. दिशाकडे यासाठी काही नियम नव्हता. ती रिकाम्या कप्प्यावरची धूळ पुसू लागली.

शेवटी सर वळले.

अख्खी रांग भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि नोटीस बोर्ड वाचत होती. बोर्डावर एक टाचणी होती. नोटीस नव्हती.

सर मान खाली घालून त्यांच्या पाठींमागून निघाले.

"झालं का रे वाचून?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

"थांब ना यार," पुढचा चैतन्य टाचणीवरून नजर न काढता म्हणाला, "मोठं आहे."