वीतभर कोरी जागा

गोबेर मठाच्या फाटकाशी आला तेव्हा एर्वे बाकावर बसून वाटाण्याच्या सुपात पाव बुडवून खात होता. जूनची दुपार होती. वाटेत इथे थांबलेल्या एर्वेचं घर अजून चार दिवसांच्या वाटेवर होतं.

गोबेरच्या गळ्यात लाकडी नळकांडं होतं आणि त्यात कातड्याची गुंडाळी. कुणी गेलं की मठ असा एक माणूस पाठवतो. तो मठामठांतून फिरतो. मेलेल्याचं नाव वाचलं जातं, प्रार्थना होते आणि खाली तो मठ आपली ओळ लिहून देतो.

"नाताळपासून चालतोय," बाकावर टेकत गोबेर म्हणाला. "सत्तर मठ झाले. जोड्याचा हा तिसरा तळ."

"कोण गेलं?"

"आमच्या मठातली एक नन. मोठ्या घरची बाई. नवरा धर्मयुद्धात पडला, त्याची ढाल तेवढी घरी आली. बाईने केस कापले आणि आमच्याकडे आली. दोन वर्षंही काढली नाहीत. पण त्या नवऱ्याची चंगळ आहे बघा! जाईल तिथे तिच्याबरोबर त्याच्यासाठीही प्रार्थना. सत्तर मठांची! एवढ्यावर घोडेचोरसुद्धा स्वर्गात जाईल."

एर्वे हसला आणि त्याला सरकून जागा दिली.

मठाचे लेखनिक फादर थिएरी बाहेर आले. त्यांनी गुंडाळी सोडली तशी ती जमिनीपर्यंत उलगडली. ते उभ्यानेच वाचू लागले. एर्वेला लॅटिन येत नव्हतं. नावं मात्र कळली. आधी एर्मंगार्द. मग एर्वे, वोक्रांचा.

"परत वाचा," तो म्हणाला.

थिएरींनी परत वाचलं.

"दोन नावांच्या मधला शब्द कोणता?"

"विधवा."

"तो खोडा."

"का हो?"

"वोक्रांचा एर्वे मी."

गोबेर उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्याने हातात घेतली. "सरकार, मघाशी मी ते घोडेचोराचं..."

"असू दे. ढाल माझीच होती. मी कैदेत होतो. मागच्या ऑगस्टात सुटून पवित्र भूमीतल्या आक्रा बंदरात आलो. आमच्याच भागातला एक भिक्षू घरी निघाला होता. निरोप पोचवतो म्हणाला. मी नको म्हटलं."

"नको?" थिएरींनी विचारलं.

"म्हटलं, वसंतातल्या पहिल्या जहाजाने आपणच जावं. दारात उभं राहावं. तिचा चेहरा बघावा."

गोबेर टोपी चुरगाळत होता. "तो भिक्षू... एका पायाने अधू होता का, सरकार?"

"हो."

"नाताळाच्या महिनाभर आधी, संत मार्टिनच्या सणाला आमच्याकडे उतरला होता. तिकडून आलाय कळल्यावर बाई स्वतः त्याच्यासाठी सूप घेऊन आल्या. तिकडच्या आपल्या माणसांचं काही कळलं का, म्हणून विचारलं."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही म्हणाला. मान खाली घालून सूप पीत राहिला."

एर्वेने हातातला पाव बाजूला ठेवला.

"कुणाला सांगायचं नाही, अशी मीच शपथ घातली होती त्याला," तो म्हणाला.

थिएरी बाकावर बसले. "वरचा मजकूर त्यांच्या मठाचा आहे. त्याला मला हात लावता येत नाही. पण आमच्या ओळीखाली वीतभर जागा सोडतो. तुम्ही सांगा, मी लिहितो."

त्यांनी गुडघ्यावर फळी ठेवली, मठाची ओळ लिहिली आणि वर पाहिलं.

"लिहा," एर्वे म्हणाला. "एर्वे जिवंत आहे. निघालाय."

थिएरींनी लेखणी शाईत बुडवली आणि ते थांबले.

"कुणाला लिहू, सरकार?"

आत प्रार्थनेची घंटा झाली. लेखणीच्या टोकावरची शाई वाळली. थिएरी उठले आणि बाकीच्यांबरोबर त्या दोन नावांसाठी प्रार्थना करायला आत गेले. एर्वे बाहेरच बसून राहिला.

ऊन कलायच्या आत गोबेरला पुढचा मठ गाठायचा होता. एर्वेने स्वतःच्या हाताने गुंडाळी नळकांड्यात घातली, झाकण लावलं आणि नळकांडं त्याच्या गळ्यात अडकवून दिलं. आत एकाहत्तर मठांच्या ओळी होत्या. शेवटच्या ओळीखाली वीतभर जागा कोरी होती.

निरोप लिहायचा राहिला.