निनावी पत्र

तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी शिलाईच्या कारखान्यात पंखे फिरायचे, संडासाचं कुलूप निघायचं आणि उभ्यानं धागे कापणाऱ्या बायकांना स्टुलं मिळायची. साहेबांची पाठ वळली की सगळं पुन्हा होतं तसं. पण हल्ली कुणीतरी दर महिन्याला निनावी तक्रार धाडायचं, म्हणून साहेब दर महिन्याला यायचे.

मुकादमाचं डोकं फिरलं. साहेबांच्या कचेरीतून मिळवलेलं पत्र नाचवत तो ओरडला, "अक्षर बघा मेल्याचं, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलीय! आज सापडला की आजच घरी. चला, लिहिता येणाऱ्यांनी रांग लावा, एकेक ओळ लिहून दाखवा."

"मी पण येऊ का रे?" धागे कापणाऱ्या मावशीनं विचारलं.

सगळे हसले. मुकादम म्हणाला, "मावशी, पगाराला अंगठा उठवता तुम्ही! बसा तिकडे गप."

"बसते बाबा. तेवढा पंखा लाव."

वाऱ्याला बसून मावशीनं ठरवलं, पुढच्या पत्रात प्यायच्या पाण्याचं घालायचं. आणि आधी नातीकडून अक्षर सुधारून घ्यायचं. कोंबडी म्हटलेलं तिला फार झोंबलं होतं.