लाल खूण

"ही जीप फक्त माझ्या हाताला वळते," असं हे गावभर सांगायचे. वळायची खरी, पण स्टिअरिंग आधी पाव फेरा फुकट फिरायचं, मग कुठे चाकं हलायची. तेवढ्यासाठी मला तिला हात लावायची बंदी.

हे बहिणीकडे लग्नाला गेले आणि मी जीपखाली शिरले. चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडचा सांधा पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. तो काढला. नवा सांधा जुन्याशेजारी धरून, किती आत बसवायचा तिथे लाल नेलपॉलिशची खूण केली आणि तिथवर फिरवून घट्ट केला. घाटात एक चक्कर मारली, तर जीप नुसत्या बोटावर वळत होती.

बाजाराच्या दिवशी हे परतले. जीपमध्ये बाजाराला जाणारी माणसं बसली, कोंबड्यांचं डालगं घेऊन शेजारच्या द्वारकाकाकूही.

"अहो, एक सांगायचं होतं," मी म्हटलं.

"निघताना मध्ये बोलू नकोस."

ह्यांनी नेहमीच्या रुबाबात स्टिअरिंगला पाव फेरा जास्त दिला आणि जीप थेट आमच्या उकिरड्यात शिरली.

काय तुटलं ते बघायला हे खाली वाकले. नवाकोरा सांधा, त्यावर लाल खूण. उठून ह्यांनी माझ्या लाल नखांकडे पाहिलं. मी हात पुढे केला. किल्ली मिळाली. हे मागे जाऊन द्वारकाकाकूंचं डालगं मांडीवर घेऊन बसले.

"घाटात जरा हळू घे," मागून आवाज आला.

"निघताना मध्ये बोलू नका."