कापराचा ओंडका

लुकांग गावातल्या लाकडाच्या वखारीत मूर्तिकार श्यू-चिन कापराच्या झाडाच्या ओंडक्याला कान लावून उभी होती. तिने घडवलेली मागची देवी देवळातच तडकली होती. या वेळी लाकूड चुकलं, तर पुन्हा कुणी काम देणार नव्हतं.

ओंडका कोरडा होता, सरळ रेषांचा, कुठेही भेग नाही. पण आतून गुणगुण येत होती.

"ताई, लाकूड घेताय की त्याची नाडी बघताय?" वखारवाला ग्वेई हसला.

"आत गांधीलमाशी आहे."

"ती तर शेवटी तुम्हीच घालता ना!"

खरं होतं. मूर्ती पुरी झाली की पाठीत भोक पाडायचं, जिवंत गांधीलमाशी आत सोडायची आणि वर बूच ठोकायचं. त्याशिवाय देवीत जीव येत नाही. पण या ओंडक्याला अजून पटाशीही लागली नव्हती.

"कापा," ती म्हणाली.

करवत आरपार गेली. दोन्ही तुकडे भरीव निघाले, किडीचं एक छिद्रही नाही. श्यू-चिनने दोन्हींना कान लावला. लाकूड शांत.

"झालं समाधान?"

ती हसली आणि तशीच थबकली. गुणगुण चालूच होती, तिच्या मागे, अगदी जवळ.

तिने हात पाठीवर नेला. मणक्यापाशी बोटांना कातडी लागली नाही. लाकडाचं गोल, गुळगुळीत बूच लागलं.