जुळे सोलापूरच्या सांडपाण्यात

इन्स्पेक्टर शेवाळे दारातूनच म्हणाल्या, "पद्मामावशी, तुमचा श्रीनिवास जिवंत आहे. जुळे सोलापूर भागातल्या सांडपाण्यात त्याच्या डीएनएची खूण रोज सापडतेय. तुमच्या नमुन्याशी आई-मुलासारखी जुळतेय."

पद्माबाई गाजूल भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या. साखर पेठेतल्या याच गल्लीतून श्रीनिवास खेळता खेळता नाहीसा झाला, तेव्हा तो चार वर्षांचा होता. आधी त्यांनी त्याला प्रत्येक पोरात शोधलं, मग प्रत्येक तरुणात. आता तर केस पिकलेल्या पुरुषांकडेही त्या निरखून बघत.

"एकेका घराचं सांडपाणी तपासलं, तर आठवड्यात त्याचं घर सापडेल. तपास सुरू करू?"

"आपण हरवलोय, हे त्याला ठाऊक असेल का गं?"

"बहुतेक नसेल, मावशी."

पद्माबाई म्हणाल्या, "कर. पण उद्यापासून. आज मला नुसतं झोपू दे."

शेवाळे गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. तो परत येईल म्हणून इतकी वर्षं दिवसाउजेडी ती कधीच लावली नव्हती. मग त्या जमिनीवरच आडव्या झाल्या आणि उन्हं उतरेपर्यंत गाढ झोपल्या.